स्वनिर्णयाची चाचणी मुलांची, उत्तरं पालकांची?

अध्ययन अक्षमता (बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणारी अडचण) असलेलं मूल सज्ञान झालं की स्वनिर्णयाबद्दल, म्हणजे आपले निर्णय आपण घेण्याबद्दल, पालकांचे साधारण तेच ते प्रश्न येतात. म्हणून यावेळी एकत्र उत्तरं.

मुलाला डिस्लेक्सिया (वाचनातली अक्षमता) आहे, वय 19. बुद्ध्यांक चांगला आला. मग स्वनिर्णयाची वेगळी तपासणी कशाला?

आपली अडचण सांगता येते का, मदत मागता येते का, हे बुद्ध्यांकातून कळत नाही.

बोटांच्या ठशांवरून निर्णयक्षमता कळते म्हणे. क्लासवाले पॅकेज देताहेत.

कळत नाही. पैसे देऊ नका.

मुलगी 22 वर्षांची. स्वनिर्णयाच्या प्रश्नावलीला कंटाळते. तिच्या वतीने मी भरली तर?

मुळीच नको! 1994 च्या 'एआयआर' मापनश्रेणीत (स्वनिर्णय मोजणारी अमेरिकी प्रश्नावली) पालकांचा फॉर्म वेगळा आहे. तो तुम्ही भरा, तिचा तिलाच भरू द्या. आणि ती खरंच कंटाळते, की वाचून दमते? वाचनाचाच त्रास असेल तर प्रश्न तपासणाऱ्याने मोठ्याने वाचावेत, उत्तरं तोंडी घ्यावीत आणि तुम्ही बाहेर बसावं. "परीक्षेत जादा वेळ कशासाठी हवा?" असं विचारलं की कितीतरी मुलं आधी आईकडे बघतात. अर्ज बाबांनी लिहिलेला, लेखनिक काकांनी शोधलेला. 'एआयआर' श्रेणीत निर्णय घेण्याची क्षमता आणि त्यासाठी मिळणारी संधी वेगवेगळ्या मोजतात. संधीचे गुण कमी आले, तर बदल घरात आणि कॉलेजात करायला हवा. ही साधनं अमेरिकेतली आहेत, नुसत्या मराठी भाषांतराने तिथले निकष आपल्या मुलांना लागू होत नाहीत. म्हणून आकड्यावर निकाल देऊ नका. परीक्षा विभागाला अर्ज तिलाच लिहू द्या, कुठे अडते ते टिपून ठेवा आणि ती टिपणं घेऊन मानसशास्त्रज्ञांना भेटा. मदत मागून केलेलं कामही स्वनिर्णयच असतं.

18 पूर्ण झाल्यावर कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं, असं नातेवाईक सांगतात.

नातेवाइकांचं ऐकून कोर्टकचेरी करू नका. सज्ञान व्यक्तीसाठी पालक नेमण्याची सोय असलेल्या 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता आहे. नुसती अध्ययन अक्षमता त्यात नाही. तुमचा मुलगा सज्ञान आहे, सही त्याची. तरीही शंका असेल तर वकिलांना विचारा, मुलाला सोबत नेऊन.

मी 31 वर्षांचा, नोकरी करतो. शाळेत अध्ययन अक्षमतेची कधी तपासणी झाली नाही. आता होईल?

होते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची वेळ याच आठवड्यात घ्या, जुनी प्रगतिपुस्तकं आणि वह्या असतील तर न्या. साहेबांना सांगायचं की नाही, ते अहवाल हातात आल्यावर तुम्हीच ठरवा.