नॅनोटेक्नॉलॉजीच्या कॉलेजचा सांगलीच्या धंद्याला खरंच उपयोग होतो का?

होतो, पण कॉलेज आणि मार्केट यार्ड एकमेकांशी बोलले तरच. हळदीचंच बघा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बराच माल अजून पोत्यातूनच जातो. हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिचा पिवळा गुणकारी घटक, पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून अंगीही कमी लागतं. कण नॅनोमीटरच्या, म्हणजे मीटरच्या अब्जांश मापात आणले की ते पाण्यात नीट मिसळतं. एमएस्सीच्या पोराचा हा प्रोजेक्ट उद्या कुपवाड एमआयडीसीत माल म्हणून निघू शकतो. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्सचा स्वतंत्र विभाग आहे, तासा-दीड तासाचा रस्ता. प्रवेश घेताना मात्र एवढं विचारा: शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट कंपनीत करायला मिळतो का?