प्लास्टिक मॉडेल ट्रकच्या दोन वेगवेगळ्या किटमधून (एक १/२४ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढं, एक १/२५) एकच लांब चेसिसचा (खालच्या सांगाड्याचा) ट्रक बनवता येईल का?

येईल की. दोन्ही स्केलमधला फरक जेमतेम ४ टक्के आहे. खरा ५ मीटरचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १/२४ मध्ये साधारण २०८ मिमी होतो, १/२५ मध्ये २०० मिमी. एकाची केबिन दुसऱ्याच्या चेसिसवर सहज खपून जाते. चाकं आणि अ‍ॅक्सल मात्र शक्यतो एकाच किटमधली घ्या, नाहीतर भोकं जुळवण्यातच जीव जातो.

खरी मेहनत चेसिस लांबवण्यात आहे. डावा आणि उजवा रेल (चेसिसच्या दोन लांब दांड्या) एकाच रेषेत कापू नका. एकाचा काप थोडा पुढे, दुसऱ्याचा थोडा मागे ठेवा, म्हणजे सांधा तिथे मोडत नाही. रेलच्या खाचेत आतून स्टायरीनची (पॉलिस्टायरीन प्लास्टिकची) पट्टी बसवा, सांध्याच्या दोन्ही बाजूंना किमान १५ मिमी जाईल एवढी. हे सगळं काचेवर सपाट ठेवून चिकटवा आणि रात्रभर हात लावू नका. चेसिस जराशी पिळली तरी एक चाक हवेत राहतं, आणि ते नंतर सुधारणं म्हणजे डोक्याला ताप!

पॉलिस्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लास्टिकला, पातळ सॉल्व्हंट सिमेंटच वापरा, ते प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं. रेझिन किंवा धातूच्या भागांवर त्याचा उपयोग नाही, तिथे सुपरग्लू.

कापाकापीच्या आधी केबिन, इंजिन, रेडिएटर नुसत्या मास्किंग टेपने जोडून बघा. इंजिन बहुतेक वेळा केबिनच्या तळाला अडतं. आणि ड्राइव्हशाफ्टही (इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) तेवढाच लांबवावा लागेल, हे पुष्कळ जण विसरतात.