वेळापत्रक मोडलं की मीही मोडते

"गेल्या वर्षी आमच्या चर्चच्या मंडळीतर्फे बारा जणांची टीम घेऊन मी दहा दिवसांच्या मिशन ट्रिपवर, म्हणजे सेवाकार्यासाठी, परदेशी गेले होते. दुसऱ्याच दिवशी सकाळी यजमान पाळक, म्हणजे तिथल्या मंडळीचे धर्मगुरू, म्हणाले, गावात मयत झाली आहे, आज मुलांचं शिबिर नको, आपण सगळे त्या घरी जाऊ. मी अडून बसले. अर्धी टीम तरी शिबिर घेईल म्हटलं. एकही मूल आलं नाही, आणि पाळकांचा उतरलेला चेहरा मला दिसत होता. मग घाबरून मी उलट्या टोकाला गेले, जो जे म्हणेल त्याला हो म्हणत राहिले. त्यातूनच डोंगराच्या रस्त्याने रात्रीचा जीपप्रवास झाला. मिळेल तिथलं पाणी प्यायल्याने दोघं आजारी पडली. परतताना टीममधली एक मुलगी म्हणाली, 'ताई, उद्या काय करायचं ते तुम्हालाच माहीत नसायचं.' चार महिन्यांनी पुन्हा टीम न्यायची आहे. सगळे सांगतात, लवचीक राहा. म्हणजे नेमकं काय करू? देणगीदारांना पाठवलेलं तेव्हाचं पत्रक सोबत जोडलं आहे."
एक टीमलीडर

प्रिय ताई,

तुमच्या पत्रापेक्षा त्या पत्रकाने जास्त सांगितलं. त्यात दहा दिवसांचा तासातासाचा तक्ता आहे: मंगळवार, नऊ ते बारा, मुलांचं शिबिर, अपेक्षित मुलं 80. त्या सकाळी समोर पाळक उभे होते, पण तुमच्या मनात हा कागद होता. लोकांनी पैसे दिले, शब्द दिला गेला, आता तो मोडायचा कसा? तुम्ही हट्टी आहात असं मला वाटत नाही. जे आपल्या हातात नव्हतं, त्याचा शब्द तुम्ही देऊन बसलात.

बायबलमधल्या प्रेषित पौलावर ही वेळ आली होती. करिंथच्या मंडळीला येण्याचा बेत कळवून त्याने तो बदलला, आणि हा माणूस चंचल आहे असा बोल त्याला लागला. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात, 15 ते 23 या वचनांत त्याने दिलेलं उत्तर प्रत्येक टीमलीडरने सावकाश वाचावं. बेत बदलला हे तो नाकारत नाही. उलट का बदलला ते स्पष्ट सांगतो: तुमची गय करावी म्हणून मी आलो नाही. बदल त्यांच्या भल्यासाठी होता हे तो ठामपणे सांगू शकला, कारण आपण त्यांच्याकडे कशासाठी जातो हे त्याच्या मनात पक्कं होतं.

म्हणून सुरुवात नव्या पत्रकापासून करा. तक्ता गाळा. साधारण असं लिहा: "आम्ही तिथल्या मंडळीच्या हाताखाली दहा दिवस काम करणार आहोत. मुलांचं शिबिर आणि शाळेची रंगरंगोटी ठरली आहे. पण तिथे गेल्यावर मंडळीला दुसऱ्या कामाची जास्त गरज असेल तर आम्ही ते करू, आणि काय बदललं व का, हे परतल्यावर कळवू." अंदाजपत्रकात 10 ते 15 टक्के रक्कम बदलांसाठी म्हणून उघडपणे वेगळी दाखवा. मुक्कामाची एक जादा रात्र, तिकीट बदलण्याचा खर्च, दिवसा जाणारी दुसरी गाडी, हे सगळं त्यातून होतं. रात्रीचा प्रवास बऱ्याचदा एका रात्रीचं भाडं वाचवायला केला जातो. हाताशी पैसा नसला की टीमलीडरला वाकताही येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही.

मग यजमान पाळकांशी बोला, जाण्याच्या दोन-तीन महिने आधी. "शिबिर चालेल ना?" असं विचारू नका. पाहुण्यांना, त्यातून मदत घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना, कुणी नाही म्हणत नाही. "आम्ही आलोच नाही तर त्या दहा दिवसांत तुमच्याकडे काय चालू असेल?" असं विचारा. पेरणी, परीक्षा, लग्नं, उपासाचे दिवस, सगळं या एका प्रश्नातून बाहेर येतं. दुसरा प्रश्न: "मागच्या टीमचं कोणतं काम तुम्हाला नंतर निस्तरावं लागलं?" उत्तर लगेच येणार नाही, थांबा. आणि तिसरा: "ऐन वेळी बेत बदलला तर मला कोण सांगेल?" एकच नाव घ्या. अल्पकालीन मिशनसाठी अमेरिकेत 2003 मध्ये जी सात मानकं ठरली, त्यांतलं एक म्हणजे आखणी दोन्ही बाजूंनी मिळून करणं. तुमच्या पहिल्या फेरीत तेवढंच राहून गेलं होतं.

आता दिवसांची मांडणी. दहापैकी जाण्यायेण्याचे दोन दिवस सोडले तर आठ उरतात. त्यात पोहोचल्यानंतरचा पहिला दिवस आणि परतीच्या आदला दिवस रिकामा ठेवा, मध्ये एक अर्धा दिवस मोकळा. उरलेल्या दिवसांत सकाळ, दुपार, संध्याकाळ यांपैकी दोनच वेळा भरा. तिसरी वेळ रिकामी दिसते, पण उशिरा आलेली गाडी, लांबलेली उपासना, न आलेली वीज तीच भरून काढते. गच्च भरलेल्या तक्त्यात एक गोष्ट सरकली की पुढच्या चार सरकतात आणि दिवसभर तुमचं लक्ष घड्याळाकडे राहतं.

प्रत्येक कार्यक्रम तीन मापांत बसवा: 20 मिनिटं, 45 मिनिटं, 90 मिनिटं. तिन्ही विजेशिवाय आणि प्रोजेक्टरशिवाय होतील असे. दुभाषी वाक्यामागे वाक्य सांगत असेल तर वेळ दुप्पट लागतो, म्हणून 20 मिनिटांसाठी मजकूर 10 मिनिटांचाच तयार करा. इथे जवळजवळ प्रत्येक नवी टीम फसते: अर्धी गोष्ट सांगून होते आणि मुलांची घरी जायची वेळ होते. साहित्य सगळ्यांच्या बॅगांत वाटून भरा. एक बॅग मागे राहिली तर प्रत्येक दिवसातलं थोडंथोडं जावं, पूर्ण शिबिर जाऊ नये. पहिल्या दिवसाचं साहित्य केबिन बॅगेत. रंगकामाला आतल्या कामाची जोड ठेवा, कारण ओल्या भिंतीवर दिलेला रंग फुगून सुटतो. पाऊस आला तर त्या दिवशी बाकं घासायची.

तिकिटं शक्यतो सलग एकाच बुकिंगमध्ये काढा. मधलं विमान चुकलं तर पुढची सोय करणं विमान कंपनीवर येतं; वेगवेगळी काढलेली असतील तर ते तुमच्यावर. आणि गटातल्या कुणी एखादा टप्पा परस्पर गाळला तर त्याच तिकिटावरचे पुढचे टप्पे सहसा आपोआप रद्द होतात, हे सगळ्यांना सांगून ठेवा. पासपोर्टची मुदत प्रवासानंतरही सहा महिने उरते ना, ते आजच तपासा. बरेच देश तेवढी मागतात. पीतज्वराच्या लशीचा दाखला लागणार असेल तर तो लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून धरला जातो, आदल्या आठवड्यात धावून उपयोग नसतो. व्हिसा ज्या कामाचा आहे तेच काम तिथे करायचं. अठरा वर्षांखालचं कुणी असेल तर आईवडिलांचं नोटरी केलेलं संमतिपत्र घ्या.

आता रात्रीच्या त्या जीपबद्दल, कारण त्याची काळजी मला सगळ्यात जास्त वाटते. काय वाकणार नाही हे तुम्ही आधी ठरवलं नव्हतं, म्हणून प्रत्येक प्रश्न नवा होता, आणि दमलेल्या माणसाच्या तोंडून हो लवकर निघतं. एका पानावर न वाकणाऱ्या गोष्टी लिहा. अंधार पडल्यावर गावाबाहेरचा प्रवास नाही, आणि आसनांपेक्षा जास्त माणसं गाडीत नाहीत. परदेशी गेलेल्या धडधाकट माणसांचा जीव जाण्याच्या मोठ्या कारणांत रस्त्यावरचे अपघात येतात. मुलासोबत कोणताही मोठा माणूस एकटा नाही, दोघं तरी हवेत आणि दिसतील असे हवेत. पालकांना न विचारता मुलांचे फोटो नाहीत. त्या देशाची परवानगी नसलेल्या कुणी औषधं द्यायची नाहीत. कुणाच्याही हातात परस्पर पैसे नाहीत. जे द्यायचं ते मंडळीमार्फत. पाणी सीलबंद, नाहीतर खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळलेलं, आणि 2,000 मीटरच्या वर तीन मिनिटं. हे पान निघण्याआधीच यजमानांना पाठवा. मग ऐन वेळी नाही म्हणताना त्यांचा अपमान होत नाही. त्यांना ते आधीच माहीत असतं, आणि मंडळीचा नियम म्हणून ते स्वतःही पुढे करू शकतात. या पानाबाहेरचं जवळजवळ सगळं सोडून देता येतं. जेवणाची वेळ, गाण्यांची निवड, कोण बोलणार, किती वेळ बोलणार, शिबिर होणार की नाही, हे यजमानांचं.

दोन मदतनीस नेमा. एकाकडे माणसं मोजणं, औषधपेटी, ओआरएस. दुसऱ्याकडे पैसे, तिकिटं, पासपोर्टच्या प्रती. बाराही जणांचे पासपोर्ट आणि गोळ्या स्वतःच्या पिशवीत घेऊन फिरणारी टीमलीडर कितीही प्रेमळ असली तरी दुपारपर्यंत ताठ होते. तुम्ही मोकळ्या राहा, म्हणजे यजमानांच्या शेजारी बसता येईल. बहुतेक बदलांची चाहूल तिथे आदल्या संध्याकाळीच लागते.

बदल आलाच, तर यजमानांशी बाजूला जाऊन बोला, टीमसमोर नको. विचारायच्या गोष्टी दोनच: याने न वाकणाऱ्या पानातलं काही मोडतं का? मोडत नसेल, तर आज तुम्हाला आम्ही कुठे हवे आहोत? मग सगळ्यांना एकत्र बोलवा, दुभाष्याकडून तुकड्यातुकड्यांनी कळण्याआधी. काय बदललं, का बदललं, आत्ता काय करायचं आणि पुढचं मी कधी सांगेन. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे. काहीच ठरलं नसलं तरी "साडेअकराला पुन्हा सांगते" म्हणा आणि साडेअकराला सांगा, भले "अजून कळलेलं नाही" असंच का असेना. त्या मुलीला बेत बदलल्याचा राग नव्हता. बेत कुणाच्या हातात आहे हेच तिला दिसत नव्हतं.

याचा सराव निघण्याआधी होऊ शकतो. तयारीच्या एका बैठकीत, कार्यक्रमाला अर्धा तास उरला असताना सांगा की वीज नाही, वेळ निम्मा आणि मुलांऐवजी आजीआजोबा आले आहेत. कोण हसत कामाला लागतं, कोण गप्प होतं, ते पाहून ठेवा. गप्प होणाऱ्यांना तिथे नवीन बेत सगळ्यांत आधी सांगा.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय टीमसोबत वाचा. आसियात वचन सांगायला मनाई होते, बिथुनियाची वाट बंद होते, मग त्रोवसात रात्री दृष्टान्त होतो: मासेदोनियाचा एक पुरुष बोलावतो आहे. पौल आणि त्याचे सोबती फिलिप्पैला पोहोचतात, तर नदीकाठी भेटतात त्या प्रार्थनेला जमलेल्या स्त्रिया. लुदिया विश्वास ठेवते आणि तिच्या घरी राहायचा आग्रह धरते, आणि ते राहतात. उतरायचं कुठे हे तिने ठरवलं.

तुमच्या त्या मयतीच्या सकाळी टीमला करण्यासारखं पुष्कळ होतं: शांत बसणं, फोन पिशवीत ठेवणं, बसायचं कुठे आणि उठायचं कधी हे पाळकांना विचारणं, सांगितलं तरच प्रार्थना करणं, पाणी भरायला हात लावणं. ज्या गावाच्या दुःखात तुम्ही बसता, त्या गावची मुलं दुसऱ्या दिवशी शिबिराला येतात की नाही, हे आधी सांगता येत नाही. आली नाहीत तरी जाणं योग्यच.

नवं पत्रक लिहिण्याआधी दोन फोन करा. पहिला त्या पाळकांना. कारणं सांगू नका; "त्या दिवशी आम्ही यायला हवं होतं, माझं चुकलं" एवढंच, आणि त्या घरची माणसं आता कशी आहेत ते विचारा. दुसरा त्या मुलीला. ती यायला तयार असेल तर माणसं मोजण्याचं काम तिला द्या.