काडीमोड, घटस्फोट की फारकत?

प्रश्न असा आहे: ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्याच्या बातम्यांत कुठे ‘घटस्फोट झाला’, कुठे ‘काडीमोड घेतला’, तर कुठे ‘फारकत घेतली’ असे वाचायला मिळते, हे तिन्ही शब्द समानार्थी मानावेत का, आणि नसल्यास येथे कोणता योग्य?

लग्न मोडण्यापुरते हे तिन्ही शब्द आज एकमेकांच्या जागी चालतात. राजकारणात मात्र ते आपापला जुना अर्थ घेऊनच येतात, आणि ब्रिटनच्या बाबतीत तो अर्थ पाहिल्याशिवाय निवड करता येत नाही.

‘घटस्फोट’ सर्वात आधी बाजूला काढता येतो. धर्मशास्त्रात हा पतित व्यक्तीला कुळाबाहेर टाकण्याचा विधी होता. घट फोडणारे आप्त असत आणि ज्याच्या नावाने तो फुटे, तो बाहेर जाई. येथे प्रकार नेमका उलटा आहे. युरोपीय संघाच्या करारांत सदस्याला हाकलून देण्याची तरतूदच नाही. 50 व्या कलमानुसार जाणाऱ्याने स्वतः लेखी सूचना द्यावी लागते, आणि ती ब्रिटनने 29 मार्च 2017 रोजी दिली.

‘काडीमोड’ हा शब्द मथळ्यासाठी आकर्षक आहे, हे मान्य करावे लागेल. पंचांसमोर काडी मोडली की संबंध संपला, अशी ही रीत होती. तिच्यातील निर्णय क्षणाचा असतो आणि मोडलेली काडी पुन्हा जोडता येत नाही. 23 जून 2016 च्या सार्वमतात 51.9 टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला, तेव्हा बऱ्याच जणांना काडी मोडली असेच वाटले, आणि दुसऱ्याच दिवशी डेव्हिड कॅमरन यांनी पंतप्रधानपद सोडण्याची घोषणा केली. परंतु सदस्यत्व संपले ते 31 जानेवारी 2020 रोजी, आणि जुने व्यापारी नियम त्यानंतरही त्या वर्षाच्या अखेरपर्यंत लागू राहिले. त्याहून महत्त्वाचे असे की, दिलेली सूचना ब्रिटनला एकतर्फी मागे घेता येईल, असा निर्वाळा युरोपीय न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये दिला होता. जोडता येणारी काडी ही काडीमोडीची काडी नव्हे.

उरली ‘फारकत’. जुन्या कागदपत्रांत ‘फारखत’, ‘फारखती’ अशी रूपे आढळतात. ‘फारिग’ म्हणजे मोकळा आणि ‘खत’ म्हणजे लेख. ऋण फिटल्यावर, भागीदारी मोडल्यावर, देणेघेणे उरले नाही असे लिहून द्यायचा तो कागद. नवराबायकोची फारकत हा त्याचाच एक उपयोग. म्हणजे फारकतीत निघून जाण्यापेक्षा हिशेब चुकता करण्याला अधिक वजन आहे, आणि ब्रिटनच्या राजकारणाची पुढची वर्षे खाल्ली ती याच हिशेबाने. कॅमरन यांच्यानंतरच्या पंतप्रधान थेरेसा मे ‘ब्रेक्झिट (म्हणजे ब्रिटनचे बाहेर पडणे) म्हणजे ब्रेक्झिट’ असे सांगत राहिल्या, पण शब्दाची व्याख्या त्याच शब्दाने केली की जे होते, तेच झाले: संघाशी कोणते नाते ठेवायचे यावर त्यांच्याच हुजूर पक्षात एकमत होईना.

या फारखतीत प्रामुख्याने तीन बाबी होत्या. देण्याच्या रकमेचा ब्रिटिश सरकारचा अंदाज 35 ते 39 अब्ज पौंडांचा होता. ती बाब आणि परस्परांच्या देशांत राहणाऱ्या नागरिकांच्या हक्कांची बाब वाद होऊनही मिटली. तिसरी, आयर्लंड बेटावरील सीमेची, म्हणजे ब्रिटनचा भाग असलेले उत्तर आयर्लंड आणि संघाचा सदस्य असलेला आयर्लंड देश यांच्यामधल्या सीमेची, मिटेना. उत्तर आयर्लंडमधील हिंसक संघर्ष थांबवणाऱ्या 1998 च्या गुड फ्रायडे करारानंतर ही सीमा मोकळी झाली होती, आणि तिथे पुन्हा तपासणीनाकी उभी राहू नयेत, ही अट दोन्ही पक्षांना मान्य होती. मग तपासणी करायची कुठे? मे यांचा तोडगा संसदेने 15 जानेवारी 2019 रोजी 432 विरुद्ध 202 मतांनी फेटाळला. पाठिंबा देऊन त्यांचे अल्पमतातील सरकार टिकवणारा उत्तर आयर्लंडचा डीयूपी हा पक्षही विरोधात गेला. मे यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांनी तपासणी आयरिश समुद्राकडे, म्हणजे ब्रिटनच्याच दोन भागांमध्ये सरकवली आणि डिसेंबर 2019 च्या निवडणुकीत 80 जागांचे बहुमत मिळवले.

येथे ‘फारकत’ही अपुरी पडते, कारण ती दोघांत होते आणि ब्रिटन हे एक घर नाही. स्कॉटलंडने 62 टक्के, तर उत्तर आयर्लंडने सुमारे 56 टक्के मते संघात राहण्याच्या बाजूने दिली होती. स्कॉटलंडमधील स्वातंत्र्यवाद्यांनी नव्या सार्वमताची मागणी याच आधारावर पुढे रेटली. नोव्हेंबर 2022 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने लंडनच्या संमतीवाचून ते घेता येणार नाही असे ठरवले. ‘वेगळी चूल मांडणे’ हा वाक्प्रचार खरा शोभतो तो या मागणीला. उत्तर आयर्लंडसाठी तर मला एक शब्द सापडलेला नाही: चूल ब्रिटनची, परंतु मालासाठी ओसरी युरोपशी सामाईक. या सामाईकपणाच्या निषेधार्थ डीयूपीने फेब्रुवारी 2022 पासून दोन वर्षे बेलफास्टचे, म्हणजे उत्तर आयर्लंडचे, सरकार चालू दिले नाही. ते पुन्हा उभे राहिले तेव्हा प्रथम मंत्रिपदी मिशेल ओनील आल्या. अखंड आयर्लंड मागणाऱ्या शिन फेन पक्षाकडे ते पद पहिल्यांदाच आले. दरम्यान ब्रिटन आणि संघ यांच्यात ठरलेल्या 2023 च्या विंडसर आराखड्याने तपासणी हलकी केली खरी, पण ब्रिटनहून उत्तर आयर्लंडच्या दुकानांत जाणाऱ्या मांसाच्या पाकिटांवर ‘युरोपीय संघासाठी नाही’ अशी चिठ्ठी आली.

अपुरी असली तरी तिन्हींत ‘फारकत’च सर्वात जवळची आहे, तेव्हा बातमीत ‘युरोपीय संघापासून फारकत घेतली’ असे लिहावे. ‘संघाशी फारकत’ असेही रूढ आहे आणि ते चूक नाही, तरीही ‘-शी’ या प्रत्ययाला जोडण्याचा वास असल्याने मी ‘-पासून’ वापरतो.