आमची पतसंस्था, दारव्हा-दिग्रसकडे सात-आठ शाखा. कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट डेटाबेस (सीएमडीबी), म्हणजे कोणतं यंत्र कशावर अवलंबून आहे याची नोंद, हवाच का? एक्सेलची यादी पुरत नाही का?

ऑडिटपुरती पुरते. संगणक कधी घेतला, वॉरंटी केव्हा संपते, एवढं एक्सेल सांगेल. सीएमडीबीचं खरं काम नाती नोंदवणं: दिग्रसचं काउंटर कोणत्या नेटवर्क स्विचवर, तो स्विच कोणत्या इन्व्हर्टरवर, मुख्य सर्व्हरपर्यंतची लाइन कोणाची. मे महिन्यात वीज गेली अन् शाखा बंद पडली, की फोन सॉफ्टवेअरवाल्याला करायचा की बॅटरीवाल्याला, हे त्यावरून कळतं. सर्व्हर अपडेट केल्यास कोणाकोणाचं काम अडेल, तेही आधीच दिसतं. मग बाजाराच्या दिवशी अपडेट कोणी लावणार नाही!

सगळं एकदम भरू नका. माउस-कीबोर्ड तर मुळीच नको. कोअर बँकिंग (सगळ्या शाखांचे व्यवहार सांभाळणारं मुख्य सॉफ्टवेअर) ज्या गोष्टींवर चालतं तेवढंच आधी नोंदवा. जीएलपीआय आणि आयटॉप ही या कामाची दोन्ही सॉफ्टवेअरं मुक्त स्रोत आहेत. जीएलपीआयचा एजंट, म्हणजे प्रत्येक संगणकावर बसवायचा छोटा प्रोग्रॅम, संगणकांची माहिती आपोआप गोळा करतो, नाती मात्र बरीचशी हातानेच जोडावी लागतात.

नियम एकच, पण कडक पाळा: राउटर बदलला आणि नोंद बदलली नाही, तर तक्रारीचं तिकीट बंद करू द्यायचं नाही. अन् एक्सेल फेकू नका, सुरुवातीला तीच आयात करा.