गीझरचा स्मार्ट प्लग ॲपवरून चालतो, मग शेड्यूल मधूनच का चुकतं?

तुम्ही लिहिलंय की पहाटे साडेपाचला गीझर चालू आणि सहाला बंद असं शेड्यूल आहे, ते आठवड्यातून दोन-तीनदा चुकतं, पण ॲपमधलं बटण दाबलं की प्लग लगेच चालू होतो. मग प्लग बदलायची घाई करू नका, नवाही बहुधा हेच करेल. तुम्ही बटण दाबता तेव्हा घरात वीज असते, वायफाय असतं. साडेपाचला त्यातलं काय नसतं, एवढंच शोधायचंय.

सगळ्यात आधी घरात विचारा. झोपायच्या आधी भिंतीवरची बटणं बंद करत फिरणारं एखादं माणूस बहुतेक घरांत असतंच. मागचं बटण बंद, की प्लगही बंद, मग शेड्यूल कोण चालवणार? राउटर रात्री बंद करायची सवय असेल तर तेही बघा. दर आठवड्याला त्याच वारी चुकत असेल, तर शेड्यूलमध्ये तो वार निवडायचा राहिलाय.

तसं काही नसेल तर शेड्यूल राहतं कुठे ते तपासा. काही शेड्यूल प्लगच्या आतच साठतात, काही कंपनीच्या सर्व्हरवर. सर्व्हरवरचं असेल तर त्या क्षणी इंटरनेट नसलं की हुकूम पोचतच नाही. बऱ्याच ॲपमध्ये प्लगच्या पानावर 'शेड्यूल' असतं आणि बाहेर वेगळं 'ऑटोमेशन'. दिसायला दोन्ही सारखीच, पण ऑटोमेशन सहसा सर्व्हरवरून चालतं. खात्री करायला प्लगला गीझरऐवजी मोबाइलचा चार्जर लावा, पाच-सात मिनिटांनंतरची वेळ घाला, मिनिटभर थांबून राउटर बंद करा आणि प्लगजवळ उभे राहा. वेळ झाल्यावर आतल्या रिलेचा 'टक' आवाज आला तर शेड्यूल प्लगमध्ये आहे. नाही आला तर ते काढून प्लगच्या पानावरून लावून बघा.

आता लाइट जाण्याचं. माझा जास्त संशय यावरच आहे, कारण तुमची चूक रोजची नाही, मधूनच होते. या प्लगमध्ये घड्याळाला बॅटरी सहसा नसते. लाइट गेली की वेळ पुसली जाते आणि परत आली की प्लग ती इंटरनेटवरून विचारतो. प्लग काही सेकंदांत उठतो, राउटरला मात्र दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात साडेपाच वाजून गेले की संपलं, हुकलेलं काम प्लग मागाहून करत नाही. राउटरला छोटा यूपीएस लावा आणि 'चालू'ची वेळ दोनदा घाला, साडेपाच आणि पाच चाळीस. आधीच चालू असलेल्या प्लगला पुन्हा 'चालू' सांगितल्याने काही बिघडत नाही.

'बंद'ही तसंच दोनदा घाला, खरं तर ते जास्त महत्त्वाचं. सेटिंगमध्ये लाइट आल्यावर प्लगने काय करायचं ते ठरवता येत असेल, तर गीझरसाठी 'बंद'च निवडा. 'आधी होतं तसं' ठेवलंत आणि सहाच्या आसपास लाइट गेली, तर गीझर दिवसभर थर्मोस्टॅटच्या, म्हणजे पाणी तापलं की वीज तोडणाऱ्या आतल्या भागाच्या, भरवशावर राहील.

टाइमझोनचा घोळ मला इथे वाटत नाही, तो असता तर रोज ठरावीक फरकाने चुकलं असतं. भारताऐवजी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर साडेपाचचा गीझर सकाळी अकराला सुरू होतो, चीनची वेळ असेल तर पहाटे तीनला.

आणि हो, प्लग १६ अँपिअरचाच आहे ना? २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास घेतो, ३००० वॉटचा तेरा. १० अँपिअरच्या प्लगवर हा दुसरा चालवूच नका.

हे करूनही चुकलं तर त्या दिवसाचा ॲपमधला लॉग बघा. साडेपाचला 'चालू'ची नोंद असून पाणी गार असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. नोंदच नसेल तर प्लग कधीपासून ऑफलाइन होता ते इथे लिहा, पुढचं बघू.