गुन्हा ‘दाखल’ आहे, पण ‘सिद्ध’ नाही. फॉर्मात काय लिहू?

प्रश्न: 2023 साली बांधावरून चुलतभावाशी मारामारी झाली. त्याने पोलिसांत तक्रार दिली (त्या कागदाचा फोटो सोबत पाठवलाय), नंतर आपसांत मिटलं. आता सरकारी नोकरीच्या फॉर्मात ‘आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला आहे का?’ असं विचारलंय. कोर्टाने मला दोषी ठरवलेलं नाही. ‘नाही’ लिहिलं तर चालेल ना?

उत्तर: घाईने ‘नाही’ लिहू नका. ‘मी काय गुन्हा केलाय?’ असं आपण घरात म्हणतो तो गुन्हा म्हणजे नुसती चूक. कायद्यातला गुन्हा म्हणजे शिक्षापात्र ठरवलेलं कृत्य. (त्या हिशेबाने हेल्मेट न घालणाराही गुन्हाच करतो, पण त्याला गुन्हेगार कोणी म्हणत नाही.) पोलिसांच्या तोंडचा गुन्हा म्हणजे मात्र चक्क रजिस्टरमधली नोंद. फॉर्ममध्ये विचारलाय तो हा तिसरा. तुम्ही खरंच काही केलंत की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

तुमच्या कागदाचा फोटो वरून कापला गेलाय, नेमका क्रमांकच दिसत नाही. मूळ कागद काढा. ‘गु.र.नं.’ (गुन्हा रजिस्टर नंबर) असेल तर तो एफआयआर, म्हणजे गुन्हा दाखल आहे. ‘एनसी’ किंवा ‘अदखलपात्र’ असेल तर गोष्ट वेगळी. त्यात मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासही करता येत नाही, आणि तशा नोंदीला ‘गुन्हा दाखल’ म्हणत नाहीत. तरीही फॉर्मात ‘पोलिसांत कोणतीही तक्रार’ असे शब्द असतील तर तीही लिहा.

एफआयआर निघाला तर तो चुलतभावाशी मिटल्याने मिटलेला नसतो. दोषारोपपत्र कोर्टात गेलं, ‘बी’ किंवा ‘सी समरी’ (प्रकरण बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल) होऊन प्रकरण बंद झालं, की उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला, हे शोधा आणि त्या कागदाची नक्कल घ्या. मग फॉर्मात ‘होय’ लिहून गु.र.नं., कलमं आणि सद्यस्थिती द्या. ‘दोषी ठरला आहात का?’ या वेगळ्या रकान्यात बिनदिक्कत ‘नाही’ लिहा.

2016 साली अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अटक, निर्दोष सुटका, प्रलंबित खटला यांची माहिती उमेदवाराने खरीच द्यायची. खरं लिहिलं म्हणून नोकरी पक्की होत नाही. पण लपवलेलं पडताळणीत सापडलं, तर मूळ भांडण बाजूला राहतं आणि तुम्ही लपवलंत हेच कारण पुढे येतं.

फॉर्म भरण्याआधी पूर्ण कागदाचा फोटो पाठवा.